मुरबाडला जायचं राहिलं

शेवटचं भेटलो तेव्हाही मी मावशीला म्हणाले, “मुरबाडला जाऊन येऊ या. गाडी मी चालवते.” ती म्हणाली, “पुढच्या आठवड्यात.” त्या आठवड्यात ती हृदयविकाराने गेली. महिना होत आला…

मावशी शहापूरला भूलतज्ज्ञ होती. छोट्या दवाखान्यांतली सिझेरियन, हर्नियाची ऑपरेशनं, यांतच तिची वर्षं गेली. करोनात व्हेंटिलेटर आले, पण ते चालवणारं कुणी नव्हतं. मावशी स्वतः अतिदक्षतेचं काम शिकली आणि आसपासच्या भूलतज्ज्ञांना व्हिडिओ कॉलवर शिकवू लागली. मी तेव्हा तिच्याकडेच अडकले होते. मोबाइल धरायचं काम माझं. बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं. मुरबाडचे भोईर डॉक्टर मात्र सारखे बोलायचे.

“मॅडम, आपण दोन तासांची माणसं. झोपवायचं, उठवायचं, घरी जेवायला जायचं.”

“आता जेवण विसरा. आज श्वासासाठी घशात नळी घातली त्याला उद्याही सांभाळायचंय, परवाही. पालथं करायचं, कूस बदलायची.”

“आमची ही म्हणेल, घरात कधी पोराची कूस बदलली नाय!”

मावशी हसली. मग म्हणाली, “भोईर, इथे शहापूरच्या कोविड विभागात कामाला या. तुम्ही आलात तर बाकीचे येतील.”

ते आले. काही आठवड्यांत त्याच विभागात रुग्ण म्हणून दाखल झाले. त्यांना नळी मावशीनेच घातली. नळी घातली की बोलता येत नाही, म्हणून ती आधी प्रत्येकाला बोलू द्यायची. भोईर बायकोसाठी काहीतरी बोलले. पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

मावशीने मला एवढंच सांगितलं. ते शब्द नाही सांगितले. “ते वहिनींचे आहेत. त्यांनाच सांगेन.” पण ती गेलीच नाही. “मीच बोलावलं होतं गं त्यांना… कोणत्या तोंडाने जाऊ?” असं एकदाच म्हणाली. साथ सरली, वर्षं गेली. मुरबाडचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

तेराव्यानंतर भोईरवहिनी भेटायला आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“मी वाट बघत होते गो मॅडमची. आज येतील, उद्या येतील… हे जाताना काय बोलले, ते तुला सांगितलं होतं का त्यांनी?”

“नाही.”

“कायच नाय?”

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी मावशीची खोली दाखव म्हटलं. खोलीत खुर्ची आहे, पण त्या तिच्यावर बसल्या नाहीत. रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकल्या, उशीवर हात ठेवून, आजाऱ्याजवळ बसावं तशा. मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.