सीमेवरची गैरहजेरी

लग्नानंतर आम्ही दोघांनी एकदमच कॉलेजात नाव घातलं. दोघांचंही शिक्षण बारावीनंतर थांबलेलं. राहायला आम्ही रोह्याजवळ वरसे गावात, पण पेणच्या कॉलेजात सकाळचे वर्ग असत, म्हणून रोज एसटीने तिकडे. दुपारी नवरा कंपनीत सेकंड शिफ्टला. पदवी मिळाली तर सुपरवायझर होता येईल, एवढंच त्यांचं स्वप्न. शिवाय ते टेरिटोरियल आर्मीत होते, म्हणजे एरवी कामगार आणि बोलावणं आलं की जवान.

शेवटच्या वर्षी बोलावणं आलं. निघण्याआधी आम्ही प्राचार्यांना भेटलो. त्यांनी उठून हात मिळवला.

"निर्धास्त जा. कॉलेज तुमच्या पाठीशी आहे."

कंपनीने त्यांची जागा राखून ठेवली. तसा कायदाच आहे म्हणे. कॉलेजातही तसंच काही असेल, असं आम्ही धरून चाललो.

मी एकटी वर्गात जाऊ लागले. फोन लागला की शिकवलेलं सगळं त्यांना सांगायची. मध्येच आवाज तुटायचा. मग बरेच दिवस फोनच आला नाही आणि टीव्हीवर तोफमाऱ्याच्या बातम्या. तरी मी वर्ग चुकवला नाही. घरात बसवतच नव्हतं.

परीक्षेच्या तोंडावर ते परतले. खंगलेले, डावा कान बंद. काय झालं विचारलं तर म्हणाले, "जवळ पडला गो एक गोळा."

हॉल तिकीट मला मिळालं, त्यांना नाही. हजेरी कमी. आम्ही पुन्हा प्राचार्यांकडे गेलो.

"सवलत फक्त आजारपणाला आहे," ते म्हणाले. "ड्यूटीचं नियमात कुठेच नाही."

"युनिटचं पत्र दिलंय ना, सर," मी म्हटलं.

"दिलंय हो. पण ते कुठल्या नियमात बसवू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरचा दाखला आणा. कावीळ, टायफॉइड, काहीही चालेल. मी सही करतो."

माझ्या जिवात जीव आला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातले डॉक्टर आमच्या ओळखीचे. मी उठलेच. हे बसून राहिले.

"मी आजारी नव्हतो, सर. पोस्टवर होतो."

परतीच्या एसटीत मी भांडले. "एक कागद तर हाय. कोण बघायला जातंय?"

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला, पण नजर खिडकीबाहेरच होती. "माझ्या बाजूचा एक गेला त्यात. तो पण आजारी व्हता असं लिहू काय?"

रोह्याला उतरल्यावर मी डॉक्टरांकडे न वळता घरची वाट धरली.

मग मीही परीक्षेला बसणार नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक पेपरला मला सोडायला आले आणि गेटबाहेर उभे राहिले. आत लिहिताना, हे उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आलं असतं, असं मनात येई आणि हात थांबे. मी पास झाले. त्यांच्यासाठी विद्यापीठाकडे केलेल्या अर्जाला निकालानंतर उत्तर आलं: पुढील वर्षी पुन्हा प्रवेश घ्यावा.

त्यांनी घेतलाही. पण शिकवलेलं अर्धंच ऐकू यायचं. सर पाठ फिरवून फळ्यावर लिहीत बोलू लागले की हे शेजारच्या पोराची वही बघत. वर्गात हसू व्हायचं. दिवाळीनंतर ते जायचे थांबले. कानापायी टेरिटोरियलमधूनही घरी पाठवलं. सुपरवायझरची जागा त्यांच्यानंतर लागलेल्या एकाला मिळाली. हे अजून मशीनवरच आहेत.

मी पतपेढीत लागले. पदवीचा कागद कपाटात आहे. तो भिंतीवर लावायचं आमच्यापैकी कुणीच कधी काढलं नाही.

गेल्या पंधरा ऑगस्टच्या आधी कॉलेजातून फोन आला. माजी सैनिकांचा सत्कार आहे, युनिफॉर्म घालून या.

"शिफ्ट हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. दिवसभर ते टीव्ही न लावता पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला हाक मारली. चांगला कान उशीत होता. ऐकू गेलं नाही, की उठायचं नव्हतं, ते मी विचारलं नाही.