ठासणीची, दोननळी आणि तिसरी

आमच्या घरात बंदुका तीन आणि नव्या कायद्यानं एका लायसनवर ठेवता येतात दोन. जास्तीची ठाण्यात नाहीतर बंदुकीच्या दुकानात जमा करा, असा निरोप आला आणि राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर अशी रडारड सुरू झाली, की जणू तीन पोरांतलं एक दत्तकच द्यायचंय. जो तो येऊन अक्कल शिकवायचा. जन्मात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडं काही उडवलं नव्हतं, असली माणसं ओसरीवर बसून चहा ढोसत मला सांगायची, कोणती ठेवावी आणि कोणती द्यावी. काही दिवस ऐकून घेतलं. मग म्हटलं, चहा प्या आणि गप घरी जा.

तिन्ही बंदुका मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर. पहिली ठासणीची, त्यांच्या आजोबांच्या वेळची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं, मागं बार पेटवायची टोपी चढवायची, आणि एवढं करून बार निघाला तर निघाला. दुसरी बाराबोरची दोननळी, खरी कामाची. तिसरं रिव्हॉल्व्हर. ते मामंजींनी थोरल्या लेकाच्या हट्टापायी घेतलं होतं. हे माझे थोरले दीर, भाऊजी, गावच्या राजकारणात पडलेले, आणि कंबर मोकळी असली की त्यांना नागडं वाटायचं. माझे यजमान धाकटे, शाळेत मास्तर. बार निघायचा म्हटलं की कानात बोटं घालून गोठ्यात जातात. त्यांचा विषय इथंच संपला.

आता बंदूक कशी निवडावी म्हणाल, तर ब्लाउज शिवतात तशी, अंगाच्या मापानं. कॉलेजात मी एनसीसीत होते, पॉइंट टू-टूची रायफल चालवलेली. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी गंमत म्हणून दोननळी हातात दिली. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला, दस्ता गालफडावर असा बसला की दाढ हलली, आणि सगळी वस्ती खिदळली. "मास्तरीनबाई, बंदूक हाय ती, लाटणं न्हाई," भाऊजी म्हणाले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! दोष माझा नव्हता. दस्ता उंच्यापुऱ्या गड्याच्या हाताचा, माझा हात आखूड. मी सुताराला बोलावलं, दस्त्याचं दोन बोटं लाकूड कापून घेतलं आणि मागं रबराचा तुकडा ठोकून घेतला. घराण्याच्या बंदुकीचं नाक कापलं म्हणून मामंजी माझ्या हातचं जेवेनात. मग एका सकाळी मी बांधावर मांडलेली डबडी एकापाठोपाठ एक उडवली, तेव्हा म्हणाले, "वाढ." पुढं त्यांचा हात कापायला लागला, तसं त्यांनी राखणदार म्हणून माझं नाव लायसनवर चढवून घेतलं.

मापात बसलेली बंदूक काय करते, ते ऊसतोडीला कळलं. ऊस तुटत तुटत शेवटचा पट्टा उरला की रानातलं जे काय दडलेलं असतं, ते सगळं त्या पट्ट्यात गोळा होतं. ससे, कोल्हे, कधी बिबट्याची पिल्लं. त्या साली रानडुक्कर निघालं. ते सरळ आलं आणि मोळी बांधणाऱ्या एका गड्याची मांडी गुडघ्यापासून वर उसवून गेलं. हो, उसवूनच. आतलं पांढरं हाड मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गडी पडला तसं ते माघारी वळलं, पोटात सुळे घालायला. बाया किंचाळत होत्या, भाऊजी ट्रॅक्टरवर उभं राहून रिव्हॉल्व्हर रिकामं करत होते. एक गोळी ट्रॉलीच्या टायरात गेली, बाकीच्या कुठं गेल्या ते परमेश्वराला ठाऊक. मी दोननळी खांद्याला लावली, डुकराचं डोकं गड्यापासून सुटेपर्यंत श्वास धरला आणि कानामागं बार घातला. ते तिथंच कोसळलं आणि कितीतरी वेळ लाथा झाडत राहिलं. त्याचं आणि गड्याचं रक्त एकाच सरीत वाहत होतं. गडी वाचला, लंगडतो. वनखात्याचा पंचनामा झाला. संध्याकाळी भाऊजी पारावर सांगत होते, डुक्कर त्यांनी मारलं.

तर रिव्हॉल्व्हर त्यांना शोभायचं, बसायचं नाही. लायसन बापाचं, कंबर लेकाची. कुणाच्या हळदीला गेले की शर्टाचं टोक मुद्दाम वर ठेवायचे. माकडाच्या हातात कोलीत, दुसरं काय! मामंजींना सांगितलं तर म्हणायचे, पोरगा हाय, हौस हाय. पोरगा! नातू खेळवायच्या वयाचा पोरगा.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. मानानं थोरली, पण आम्ही दोघी एकमेकींना अगंतुगंच करतो. ती मार खाते हे सगळ्या वस्तीला माहीत होतं आणि वस्तीनं ते पचवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मधे पडले की भाऊजी त्या वेळेपुरते थांबायचे आणि पुढच्या वेळी माझ्या वाटचेही तिलाच द्यायचे. म्हणून तिनंच मला मधे पडायची बंदी केली होती.

एका दुपारी विहिरीवर आम्ही दोघी भाकरी खायला बसलो. अक्का भाकरी पाण्यात बुडवून मऊ करून गिळत होती. मी तिचा तोंडावरचा पदर ओढला. पुढचा दात अर्धा उडालेला, हिरडी फाटून काळी पडलेली.

"पडले," ती म्हणाली.

"पडल्यावर ओठ फुटतो अक्का. तुझा ओठ तर जागच्या जागी हाय."

तिनं आणखी एक घास पाण्यात बुडवला. मग म्हणाली, "तोंडात घातली त्यांनी. नळी. म्हनले, मी चाप वढतो, तू मोज."

"भरलेलं होतं?"

"मला काय कळतंय गं त्यातलं? मी मोजलं."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की हातातली भाकरी मी विहिरीत भिरकावली. ठाण्यात चल म्हटलं, तर तिनं माझे पाय धरले. माहेरी जा म्हटलं, तर म्हणाली, सोनईला आता भावजयीचं राज्य हाय, दोन दिवसाच्या वर चहा मिळायचा न्हाई. त्या दुपारपासून माझ्यापुरता बंदुकांचा हिशेब संपला. रिव्हॉल्व्हर या घरात राहिलं तर अक्का मरणार होती. आज नाही तर उद्या, पण मरणार होती.

मामंजींचा विचार वेगळाच होता. ठासणीची द्यायची, दोननळी माझ्याकडं राहू द्यायची आणि रिव्हॉल्व्हरसकट लायसनच रीतसर थोरल्याच्या नावावर करायचं. त्यांचं वय झालेलं, वारसाच्या नावावर करता येत होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामंजी, ठासणीची ठेवा. रिव्हॉल्व्हर द्या."

"खुळी का काय? त्या ठासणीनं चिमनी तरी मरंल का आता?"

"म्हणूनच ठेवा म्हणते. रागावलेला माणूस ठासणीची भरायला बसला, तर दारू ओतून, चिंधी कोंबून, गज शोधून काढेपर्यंत त्याचा राग उतरतो. थोरल्यांच्या मापाची बंदूक आपल्या घरात तीच आहे."

"लई बोलतीस तू."

मग मी दाताचं सांगितलं. नळीचं सांगितलं. म्हातारा गोठ्याकडं तोंड करून बसला. मला वाटलं, शिव्या घालणार. पण मान न वळवताच म्हणाले, "नवमीला सांगतो."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळ्यांकडंच असते, कोयत्या-विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. आमच्या घराची मात्र एक जगावेगळी रीत: उपाशी हत्यार पुजायचं नाही. ठासणीत दारू, दोननळीत काडतूस, रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत एक गोळी, आणि आरती झाली की बांधावर जाऊन एकेक बार मोकळा करायचा. दरसाल मी यावरून भांडायचे. भरलेल्या बंदुका पाटावर आणि भोवती माणसांची गर्दी, हा काय देवधर्म झाला? "तुमच्या एनसीसीत देव शिकवत न्हाईत," मामंजी म्हणायचे. मग मी निदान दोननळीत तरी पाखरांसाठीचं बारीक छऱ्यांचं काडतूस घालायचे. रिव्हॉल्व्हर मामंजी स्वतःच्या हातानं भरायचे, त्यात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्या नवमीला सकाळी ओसरीवर पाट मांडले, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. अक्का दाराच्या चौकटीत आरतीचं ताट घेऊन उभी. मी दोननळीच्या पाटाशी, कारण बांधावर बार मलाच काढायचे होते. आरती झाली. मामंजी काठीवर भार देऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "रिव्हॉल्व्हर उद्या ठान्यात जाईल. ठासनीची ऱ्हाईल."

भाऊजी आधी हसले. मग त्यांनी बापाकडं नाही, माझ्याकडं नाही, सरळ अक्काकडं बघितलं. "तू सांगितलंस," ते म्हणाले. वाकले, माळेसकट रिव्हॉल्व्हर उचललं आणि हात सरळ केला.

लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं दिसत होतं. त्यांनी चाप ओढला आणि नुसतं टक झालं. अक्का हलली नाही. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती! दोननळी माझ्या खांद्याला कधी आली ते मला कळलं नाही. आपल्या मापाची असली की ती अशीच येते. दुसऱ्यांदा टक झालं. भाऊजी मला बाजूनं दिसत होते. छाती समोर, डोकं समोर, आणि लांब केलेला हात. हातामागं गोठ्याची भिंत होती, माणूस नव्हतं. मी हात निवडला.

एवढ्या जवळून बारीक छर्रेसुद्धा बारीक राहत नाहीत. धूर विरला तेव्हा मनगटाच्या पुढं अंगठा तेवढा लोंबत होता आणि बाकीचं भिंतीवर होतं. झेंडूच्या पाकळ्या, रक्त, कातडं, सगळं एक झालेलं. भाऊजी ओरडलेच नाहीत पहिल्यांदा. हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. मग ओरडले, ते पार रस्त्यावर ऐकू गेलं. माझे यजमान गोठ्यातून धावत आले आणि त्यांनीच उपरण्यानं तो हात आवळून बांधला. मामंजी जिथं उभे होते तिथंच बसले. दुपारी फौजदारानं रिव्हॉल्व्हर उघडलं, तर चक्रीत पुढचंच घर भरलेलं होतं.

तिन्ही बंदुका गेल्या, लायसन गेलं. मला अटक झाली, जामीन झाला, भाऊजींवरही गुन्हा लागला. अक्का साक्ष फिरवणार असं सगळी वस्ती म्हणत होती. नाही फिरवली. जे झालं ते तिनं फौजदारापुढं न अडखळता सांगितलं. नवऱ्यानं चाप दोनदा ओढला, मग जावेनं बार काढला. वकील म्हणाले, तुम्ही छाती सोडून हातावर मारलंत, यातच सगळं आलं. मलाही तसंच वाटायचं. कसाही असला तरी एक जीव मी घेतला नाही आणि एक जाऊ दिला नाही, याचा मला अभिमान होता. कुणासमोर बोलले नाही, पण होता.

भाऊजी दवाखान्यातून आणि कोठडीतून सुटून घरी आले. अक्का त्यांच्याकडंच राहिली. मी डोकं आपटून सांगितलं, तर म्हणाली, त्यांना शर्टाची गुंडी लावता येत न्हाई, जाऊ कुठं? ती त्यांना भरवते, आंघोळ घालते, चपलेचा अंगठासुद्धा सरळ करून देते. मी त्यांच्या दारात जात नाही. ती कामाला येते तेवढीच आमची गाठ.

परवा पेरूचा माल निघाला. आम्ही दोघी झाडाखाली बसून चांगले आणि किडके वेगळे करत होतो. तिचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला. मी नुसतं बघितलं.

"डाव्या हातानं मारत्यात आता," ती म्हणाली. "आदी नेम चुकायचा. आता बसतो."

अक्कानं चार-दोन पेरू क्रेटमध्ये टाकले. तिच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. मिठाचा डबा कुठं ठेवलास, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

"एक सांग. त्या दिवशी छातीवर का न्हाई गं मारलीस?"

माझ्या हातात पेरू होता. तो चांगला की किडका, ते मला कळेना. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि किडक्यांत टाकला.