माझ्याकडे कोणी मरत नसे

तळोद्यात आमच्या गल्लीत कादंबऱ्या वाचणारी बाई मी एकटीच. यजमान शाळामास्तर, ते वाचनालयातून पुस्तक आणत आणि त्यांच्याआधी मीच ते संपवत असे. हिवाळ्याच्या दुपारी शेजारची भाबी माझ्याकडे ऐकायला येई. तिचा नवरा पिंजारी, थंडी पडली की गाद्यांचा कापूस पिंजायला खापर-अक्कलकुव्याकडे निघून जाई. भाबीला मराठी अक्षर येत नव्हतं, पण कादंबरी ऐकावी तर तिनेच. कपटी दिराला ती अशा शिव्या घाली की मला पुढे वाचायला हुरूप येई.

पहिली कादंबरी मी तिला होती तशी वाचून दाखवली. शेवटी नायिका गेली. त्या संध्याकाळी भाबीने चूलच पेटवली नाही. नवरा तेव्हा घरी होता. तो माझ्या दारात येऊन विचारू लागला, माझ्या बायकोला वाचून काय दाखवलंत? तेव्हापासून मी एकाही नायिकेला मरू दिलं नाही. शेवटची पानं डोळ्यांनी एक वाचायची आणि तोंडाने दुसरंच सांगायचं. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. लेखकाला काय, त्याला भाबीच्या शेजारी राहायचं नव्हतं.

मग जंगल खात्यातल्या नव्या कारकुनाची बायको नाशकाकडून आली, ती कादंबऱ्यांची ट्रंक घेऊनच. तिची ओसरी मोठी, म्हणून वर्षाच्या मिरच्यांचे देठ खुडायला बायका तिच्याकडे जमू लागल्या. हात चालू असताना ती नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोले. कथानक ओघवतं आहे, पण नायकाचा स्वभाव पटत नाही, असं काहीतरी. मी हेच इतकी वर्षं ‘नायक बुळा आहे’ एवढ्या शब्दांत सांगत आले होते. तेव्हा कोणी अशा माना डोलावल्या नव्हत्या.

मी जळत होते, सरळ सांगते. तिच्या नऊवारीच्या चापूनचोपून बसवलेल्या निऱ्यांवर जळत होते, शुद्ध बोलण्यावर जळत होते. पण बाकीच्या बायका तिने खुशाल घ्याव्यात, भाबी माझी होती. तीच एकदा घरी येताना म्हणाली, तिचा आवाज किती गोड. साखर खात असेल, मी म्हटलं. एका दुपारी कारकुनीण एक प्रसंग वाचून दाखवता दाखवता रडली आणि सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. मिरच्या झोंबतायत, असं मी मोठ्याने म्हणाले. कोणी हसलं नाही, भाबीसुद्धा.

पुढच्याच आठवड्यात कारकुनिणीने जी कादंबरी काढली, ती मी भाबीला आदल्या वर्षी ऐकवली होती. शेवटी ती बिचारी नवऱ्याची वाट बघत मरते, तो प्रसंग फार सुंदर उतरलाय, असं ती सांगत होती. माझा हात मिरचीवरच थांबला. भाबी मात्र खुशीत आली. तिला पहिल्यांदाच त्या ओसरीवर बोलण्यासारखं काही सापडलं होतं.

“मी आयकेल शे ती,” ती म्हणाली. “ती मरस नही. परत नांदाले जास.”

कारकुनीण हसली, तिच्यामागे सगळ्या हसल्या. तिने आतून पुस्तक आणलं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. तुम्हीच वाचा, मास्तरीणबाई, म्हणजे यांची खात्री पटेल. खरं वाचावं तर भाबीला मी इतकी वर्षं काय ऐकवलं ते चव्हाट्यावर येणार. खोटं वाचावं तर कारकुनीण ते तिथल्या तिथे पकडणार, आणि गल्लीतली वाचणारी म्हणून असलेली माझी पत जाणार. मी पान उगाच उजेडाकडे वळवलं.

भाबीने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून तिने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मीच इसरनी व्हसू.”

बायका पुन्हा हसल्या आणि मिरच्यांकडे वळल्या. घरी येताना माझ्या दाराशी आल्यावर भाबीने हळूच विचारलं, बाकीच्याही मेल्या का? बऱ्याचशा, मी म्हटलं. ती मान हलवून आपल्या घरात गेली. तिची चूल पेटल्याचा धूर दिसेपर्यंत मी उंबऱ्यातच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. माझ्या दारावरून, माझ्याकडे न बघता, कारकुनिणीकडे गेली. मी ओसरीत पुस्तक उघडून बसले आणि एकही ओळ वाचली नाही. इतका राग मला सवतीचाही आला नसता.

दिवेलागणीला ती आली. डोळे लाल होते. जोत्यावर माझ्याजवळ टेकली आणि पदराने नाक पुसलं.

“तठे मरी गई ती,” भाबी म्हणाली. “आते तू सांग.”