मोटारीच्या पाण्याची शपथ

आमच्या यजमानांनी भोरात आणलेली मोटार पुण्याच्या कुणा साहेबाने वापरून टाकलेली होती. यांची वकिली जोरात होती आणि मिजास त्याहून जोरात. गाडी चालवायला पासली गावचा एक शेतकरी ठेवला होता. पलटणीत असताना तो मोटार हाकायला शिकला होता.

मोटारीला एक खोड होती. रेडिएटर काठोकाठ भरावा, तर खेड-शिवापूर येईपर्यंत पाणी तळाला. नळ्या तपासल्या, बूच तपासलं. शेवटी मी छपरीत मोटारीखाली चुलीची कोरडी राख पसरली. सकाळी पाहिलं तर राखेवर एक थेंब नाही. ड्रायव्हर म्हणाला, "जुनं इंजान हाय, वकीलसायेब. घाटात लई पानी पितं."

"इंजिन पीत नाही, तू भरत नाहीस," यजमान म्हणाले.

पुढे कात्रजच्या घाटात मोटार उकळून उभी राहिली आणि यांची पुण्याची तारीख हुकली. वकील मंडळी हसली असावीत, कारण हे घरी आले ते दात-ओठ खातच. ड्रायव्हरला म्हणाले, पाणी रोज भरतोस तर देवळात बेल-भंडारा उचलून तशी शपथ घे, आणि तोही लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. कोर्टात साक्षीदारांकडून रोज खोट्या शपथा घेववणारा हा माणूस! मी मध्ये पडले, तर म्हणाले, "तू स्वयंपाकघर बघ."

ड्रायव्हरने पाय धरले. "खरं असलं तरी लेकराची आन घिऊ न्हाई, सायेब. म्या माजी सोताची घेतो."

"मग कामचुकार आहेस असं चारचौघांत कबूल कर."

चारचौघांत खोटा ठरायची त्याची छाती नव्हती. त्याने बायकोला आणि पोरीला गावाहून आणलं आणि शपथ घेतली. बाप बोलत होता आणि पोरगी त्याच्या हातातलं बेलाचं पान तोंडात घालू पाहत होती. एवढीशी होती.

त्याच उन्हाळ्यात तापाच्या साथीत ती गेली. साथीत आणखीही मुलं गेली, पण पासलीकरांनी निकाल लावला की हिला बापाची खोटी शपथ भोवली. यजमानांनी त्याला कामावरून काढलं. "देवानेच पुरावा दिला," म्हणाले. त्या क्षणी मला त्यांची किळस आली. आज ते नाहीत, तरी ती किळस गेलेली नाही.

पावसाळा सरल्यावर यांनी हौसेने इंजिनाचं तेल बदलायला घेतलं. तेल निघालं ताकासारखं पांढरं. इंजिनाच्या आतलं पॅकिंग फाटलं होतं. पाणी बाहेर गळतच नव्हतं, आतल्या आत तेलात उतरत होतं. ड्रायव्हर इमानाने भरत होता. यजमानांना कोण आनंद! आपण रोग कसा शोधून काढला ते आल्यागेल्याला रंगवून सांगत. पासलीला निरोप धाडा म्हटलं, तर म्हणाले, "पोर काय परत येणार आहे?"

मग मीच गेले. वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. त्याच्या अंगणात गावातली चार जाणती माणसं बोलावली आणि दोष मोटारीचा होता, हा माणूस खरा होता, असं मोठ्याने सांगितलं. माणसं माना खाली घालून उभी राहिली. ड्रायव्हर मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. मला बरं वाटलं.

त्याची बायको दारात उभी होती. पोर गेल्यापासून ती नवऱ्याशी बोलत नव्हती.

"म्हंजी शपत खरी हुती?" तिने विचारलं.

"अगदी खरी होती, बाई."

"मंग देवानं माजी पोर कशापायी न्हेली?"

मी तिचा हात धरायला पुढे झाले.

"ह्यानं खोटं केलं, म्हनून गेली, आसं तरी म्हनत हुते म्या. तुमी आता त्येबी न्हेलं."

ती आत गेली आणि तिने दाराला कडी घातली. नवरा बाहेरच होता.