थांबा की वाईच

विजूदा गेल्यापासून उद्यमनगरातल्या आमच्या चहाच्या टपरीवर एक नवीनच अडचण झाली आहे. कुणीही चहाचा ग्लास हातात घेतला की म्हणतो, "विजूदाचं एक ऐक," आणि सगळ्यांचा चहा गार होतो. किस्से संपायचं नाव नाही, उलट वाढतच चाललेत. माणूस हयात असताना आमच्याच उंचीचा होता, आता सांगणारे त्याला दर आठवड्याला बोटभर वाढवतायत! मी आपलं स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगतो. तेवढंही भरपूर आहे.

नव्या माणसासाठी सांगायचं तर विजूदा फौंड्रीत कामाला होता आणि 'भट्टी' या आमच्या कोल्हापूरच्या रॉक बँडचा गिटारिस्ट होता. दुसरी गिटार आणि गाणं रफिककडे. दोघं एकाच गल्लीतले, एकाच वर्गातले आणि एकाच बाकावर उभे केले गेलेले. बँड पुण्या-मुंबईत असतातच हो. पण आपल्या गावात, आपल्या बोलीत, स्वतःची गाणी वाजवणारा एक बँड होता आणि तो आमचा होता, हे सांगताना माझी छाती आजही फुगते. फुगू दे.

* * *

एका कार्यक्रमात वाऱ्याने विजूदाच्या गिटारचा स्टँड पडला आणि गिटारचा टवका उडाला. पुढच्या कार्यक्रमाला गडी नवा स्टँड घेऊन हजर. स्वतः फौंड्रीत ओतलेला, चांगला बिडाचा! टेम्पोतून उतरवायला दोघं लागले.

रफिक कंबर धरून म्हणाला, "आरं, गिटार ठेवायची हाय का रणगाडा?"

विजूदा स्टँडवर फडकं मारत म्हणाला, "आता वारं पडंल, ह्यो पडणार न्हाय."

* * *

पेठ वडगावच्या एका लग्नाची सुपारी आली. फोनवर समोरच्याने एवढंच विचारलं की बँड आहे ना, आणि रफिकने आहे म्हणून सांगितलं. तिथं पोचल्यावर कळलं की त्यांना वरातीपुढे चालणारा बँड हवा होता! नवरदेव घोड्यावर बसलेला, पाहुणे रस्त्यावर उभे, आणि नवरदेवाचे चुलते पिपाण्या कुठायत, लाल डगले कुठायत म्हणून विचारतायत.

दुसरा असता तर टेम्पो वळवून परत आला असता. विजूदाने ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली, तिच्यात ड्रम आणि जनरेटर चढवला, डोक्याला फेटा बांधला आणि अख्ख्या वडगावातून वाजवत गेला. घोडा एकदाही बुजला नाही. नवरदेव मात्र दोनदा उतरून नाचला.

मारुतीच्या देवळापाशी चुलते विजूदाच्या अगदी जवळ आले, त्याच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "एकटाच धा पिपाण्यांचं वाजवतोय की ह्यो."

* * *

पन्हाळ्यावर एका हॉटेलच्या अंगणात बँड वाजवत होता. एक पर्यटक सारखा येऊन सांगायचा की काहीतरी ओळखीचं वाजवा. तिसऱ्यांदा आला तेव्हा विजूदाने त्याला स्वतःच्या हाताने खुर्ची दिली. "पावणं," तो म्हणाला, "ओळख हुईपतोर बसा की." पाहुणा बसला तो शेवटपर्यंत. नंतर दर कार्यक्रमाला गाडी काढून यायचा.

* * *

पण खरा गाजला तो तारेचा किस्सा.

बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम आमच्या पेठेच्या गणपतीसमोर झाला. शेवटचं गाणं 'धूर'. त्यात अखेरीला विजूदाचा एकट्याचा लांबलचक तुकडा आहे. तो ऐन रंगात आला, सूर अगदी वर चढला आणि तटकन पहिली तार तुटली! सगळं वाजवणं थांबलं. पलीकडच्या पेठेची पोरं हसायला टपूनच बसली होती.

विजूदा माइकपाशी आला आणि म्हणाला, "थांबा की वाईच."

मग खाली बसला. खिशातून दुसरी तार काढली, ओवली, खुंटी पिळली, कान लावला. कुणी उठून गेलं नाही, हसलंही नाही. तो उभा राहिला, "बसली" म्हणाला आणि ज्या सुरावर तार तुटली होती त्याच सुरावरून पुढे निघाला! त्या दिवशी पडल्या तशा शिट्ट्या मी कुस्तीच्या मैदानातही ऐकलेल्या नाहीत.

पुढच्या कार्यक्रमात तार तुटली नाही, पण ती जागा आली तशी सगळी पब्लिक एका आवाजात ओरडली, "थांबा की वाईच!" आणि बँड थांबला. विजूदाने खाली बसून उगाच खुंटी पिळली, "बसली" म्हणाला आणि पुढे वाजवलं. तेव्हापासून ते थांबणं गाण्यातच आलं. आमच्या लोकांचे 'धूर'चे शब्द चुकतील, थांबा चुकणार नाही.

* * *

हे एकाच माणसाला माहीत नव्हतं. विजूदाच्या आईला.

आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. गल्लीत दुधाचा रतीब घालायच्या. कुठलाही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेत मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेल्या. त्यांना वाटायचं, पोराची तार खरंच दरवेळी तुटते. वाद्यांच्या दुकानात जाऊन दुकानदाराला दटावायच्या, "जरा बळकट बघून द्या की, सारखी तुटत्या." आणि ती नवी तार विजूदाच्या जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत यायची.

पब्लिक ओरडली की मावशी उठायच्या, स्टेजपाशी जाऊन तार वर करायच्या. विजूदा वाकून ती दोन्ही हातांनी घ्यायचा आणि पाठ फिरवून गुपचूप खिशात घालायचा. घरी एक अख्खा डबा तारांनी भरला होता.

रफिकने एकदा त्याला सुचवलं की आता सांगून टाक, म्हातारीला किती हेलपाटे. विजूदा म्हणाला, "मग ती यील व्हय?"

* * *

पुण्यातल्या एका स्पर्धेत 'भट्टी'चा पहिला नंबर आला. बक्षीस देताना परीक्षकांनी त्या थांबण्याचं फार कौतुक केलं. एवढ्या धिटाईने शांतता वापरणारा गिटारिस्ट आपण पाहिला नाही म्हणाले आणि माइक पुढे करून विचारलं, त्या क्षणी मनात काय विचार चालू असतो?

विजूदा म्हणाला, "तार कुठल्या खिशात हाय, ह्यो."

* * *

गेल्या पावसाळ्यात कामावरून घरी येताना विजूदाचं हृदय बंद पडलं. रफिकने आपली गिटार गुंडाळून कपाटावर टाकली आणि आमचं फुगणंही तिथंच थांबलं. फार वाईट वाटलं हो. माणूस गेला तो गेला, वर त्याचं वाजवणंही जाणार.

यंदा पेठेने विजूदाच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. रफिक कसाबसा तयार झाला, पण 'धूर' नको म्हणाला. तो तुकडा त्याला झोपेतही येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही फारच गळ घातली तेव्हा म्हणाला, "थांब्यापतोर वाजवतो. फुडचं त्येचं हाय. मी हात लावणार न्हाय."

स्टेजच्या मधोमध बिडाचा स्टँड, त्यावर विजूदाची गिटार. शेजारी रफिक. 'धूर' सुरू झालं. रफिकने तो तुकडा असा वाजवला की डोळे मिटले तर विजूदाच. ती जागा आली. कुणी ठरवलं नव्हतं, पण सवयीने सगळी पेठ ओरडली, "थांबा की वाईच!"

बँड थांबला. रफिकने स्टँडकडे बघितलं आणि गळ्यातला पट्टा काढायला लागला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मावशी उठल्या. पिशवीत हात घालत स्टेजपाशी गेल्या आणि तार वर केली.

"घे," त्या म्हणाल्या.

रफिक वाकला. "मावशी, तुटली न्हाय ओ."

"तुटलीया, बाळा. घे."

रफिकने दोन्ही हातांनी तार घेतली. खाली बसला. आपल्या गिटारची धडधाकट पहिली तार सैल करून काढली आणि मावशींची तार ओवायला लागला. तार एकदा हातातून सुटली. त्याने खुंटी पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. मावशी पिशवी छातीशी धरून तिथंच उभ्या होत्या.

रफिक उठला. माइकपाशी आला.

"बसली," तो म्हणाला.