आपांपुढे ‘हितं-तितं’ चालत नसे

आपांना दोन शब्दांचा भारी राग : हितं आणि तितं. कुणी म्हणालं, “आपा, तितं खुर्ची हाय, बसा,” की त्या जागच्या हलायच्या नाहीत. “तितं म्हंजे कुटं? माझ्या डाव्या हाताला, का तुझ्या डोक्यावर?” त्यांच्या धाकानं आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला भाजीवालासुद्धा “आपा, उजवीकडं सरका, पुढं गटार हाय” असं नीट बोलायला शिकला.

आमच्या गल्लीतल्या ह्या आपा जन्मापासून अंध. सरकारी कचेरीत टेलिफोनवर नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि आवाजात अजून तोच हुकूम. माझी नजर गेली ती चाळिशीनंतर, हळूहळू. नवरा आधीच गेलेला, पोट शेंगाचटणीच्या घरगुती धंद्यावर. मी दार लोटून रडत बसले होते. आपा काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “सुमन, रडून झालं की सांग. मला चटणी पायजे. तिखट.” असा संताप आला मला! पण त्याच तणतणीत उठले, शेंगा भाजल्या आणि त्या करपल्या नाहीत. नाकानं सांगितलं, आता उतरव.

मग त्यांनी माझ्या हातात फोन दिला. पडद्यावर बोट फिरवलं की तो बोलतो, आलेल्या ऑर्डरी वाचून दाखवतो, आपण कुठल्या रस्त्यावर आहोत तेही सांगतो. आपांचा फोन इतका भरभर बोलायचा, की शेजारच्या तेलुगू काकू एकदा म्हणाल्या, “आपा, हे आमचं तेलुगू तर न्हाय. मग कुठली भाषा?”

“मराठीच की. तुमचे कान हळू हायत.”

मदतीला त्यांची ना नव्हती, ओढाओढीला होती. अंध माणसाला धरून खेचायचं नाही, आपलं कोपर पुढं करायचं, हे त्यांनी सगळ्या गल्लीला घोटवलं. एका भल्या माणसानं त्यांना दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. त्यांना ओलांडायचाच नव्हता. “आता परत सोड,” आपा म्हणाल्या, “आणि या खेपेला विचारून.”

अशातच माहेरच्या गावाहून, केमहून, माझा थोरला भाऊ आला, मला कायमची घेऊन जायला. “लई झालं सुमे. हितं एकटी कशी ऱ्हातीस? चल घरी.” त्याची माया खरी होती, देवाशपथ. पण तिकडं मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नसता. धंदा गेला असता, आणि मी कोपऱ्यात बसून उरले असते.

आपा त्याला म्हणाल्या, “दादा, तिला बार्शीच्या दुकानात चटणी पोचवायचीय. एकटी जाऊ द्या. धड आली तर ऱ्हाऊ द्या, न्हायतर घेऊन जावा.”

“आन् काय झालं तर?”

“व्हईल की. घरात बसल्यानं कुणाचं काय टळलंय?”

मी आपांना सोबत चला म्हणाले, तर म्हणतात कशा, “मी आले तर तुझा दादा म्हणंल, दोघी मिळून एक धड झाल्या.” मी धुसफुसतच एसटीत बसले.

चटणी झकास पोचली. परतताना बार्शीच्या स्टँडवर एक गृहस्थ कळवळून म्हणाले, “सोलापूर ना? हितलीच की! बसा बसा,” आणि मला अलगद एका गाडीत बसवून गेले. गाडी सुटली. थोड्या वेळानं कानातला फोन रस्त्याचं नाव बोलला : कुर्डुवाडी रोड. सोलापूरची वाट ही नव्हे! मेलं ते ‘हितलीच’! मी उभी राहून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, “कंडक्टर, गाडी थांबवा!” ते बिचारे घाबरून मला खाली उतरवून सोबतच थांबायला निघाले. म्हटलं, “एक रिक्षा तेवढी थांबवा, पुढचं मी बघते.” मग परत बार्शीच्या स्टँडवर येऊन मी तिघांना विचारून, फोननं पाटी वाचून सोलापूरची गाडी धरली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराशी काठी कुणाला तरी लागली. आपा उंबऱ्यातच बसल्या होत्या. आतून दादाचा आवाज आला, रडका. “सुमे, आलीस गं? मी कवाचा बार्शीला निघत हुतो. ह्या बाईनं माझ्या चपला मांडीखाली घेतल्यात, उठंच ना!” दुसऱ्या दिवशी तो केमला एकटा गेला.

गेल्या थंडीत आपा गेल्या. काठी कशी धरायची, फोन कसा चालवायचा, हे मला आता कुणीही शिकवलं असतं. पण त्या दिवशी मी गाडी चुकले, घाबरले, सावरले, एवढा वेळ मला मिळाला तो त्यांनी दादाला अडवून धरला म्हणून.

परवा विजापूर वेस भागातली, माझ्याकडं काठी शिकणारी एक मुलगी, नजर गेल्यावर पहिल्यांदा, एकटी कॉलेजला निघाली. ती कोपऱ्यावर वळली असेल-नसेल, तिची आई मागं धावायला उठली. मी त्यांच्या दारातच बसले होते, तिच्या चपला मांडीखाली घेऊन. आई हमसाहमशी रडत होती, विनवत होती. रडू मलाही येत होतं. तिच्या चपला मात्र मी काही दिल्या नाहीत.