इंजेक्टर बसवणारा गाढव

मंडळी, आज सकाळी सावली तालुक्यातल्या एका गावात सुमनबाईंच्या ट्रॅक्टरचा इंजेक्टर काढायला गेलो होतो. धानाच्या बांधीत पाणी भरलेलं, उद्याच्या रोवणीला बाया सांगून ठेवलेल्या आणि चिखलणी अर्धी राहिलेली.

इंजेक्टर इंजिनच्या हेडमध्ये इतका घट्ट धरला होता की पाना लावताच वरचा भाग तुटून हातात आला. खालचा तुकडा आतच राहिला. जोर चुकला असता तर हेडला तडा गेला असता.

डिझेल ओतून ठेवलं, हेड गरम केलं, शेवटी तुकड्यावर बोल्ट वेल्ड करून पुलरने ओढला. तीन तास गेले. तेवढा वेळ माझं तोंड सुरूच होतं, "कोण्या गाढवानं बसवला हा? त्याच्या हातात पाना देल्ला कोणं?"

सुमनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा चहा दिला.

निघालेल्या तुकड्यावर डिंकासारखा काळा, कडक थर होता.

"काय लावलं होतं हो बाई याले?"

"टोरीचं तेल."

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल आमच्याकडे दिव्यापासून बैलबंडीच्या चाकापर्यंत चालतं. इंजिनात मात्र ते जळून चिकटतं.

"लावलं कोणं?"

"तुमीच, भाऊ. मागच्या साली तुमचं ग्रीस सरलं होतं. वाटीभर मागतलं होतं तुमी."

मला काहीच आठवत नव्हतं.

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुमचा हात हालला असता, भाऊ. हेड तं माह्यं होतं."

नवा इंजेक्टर ग्रीस लावून बसवला. तुम्हाला तुमचा गाढव कुठं सापडला?